खानदेशात राहून धर्म, समाज आणि राजकारण यांच्या संबंधावर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चोपड्याकडचे, राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, पीएच.डी.साठी 'खानदेशातील धर्म आणि राजकारण' असा विषय धरलाय आणि मार्गदर्शक म्हणतात की तो फार पसरट आहे. आधी धर्माची व्याख्या पक्की करावी की आधी निवडणुकांचे आकडे गोळा करावेत, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही नंतर करा. आधी एक कृती निवडा. लोक जी दरवर्षी न चुकता करतात, किंवा एके काळी करायचे आणि ठरवून थांबले, अशी एकच कृती. तिच्यामागे कुणाचा पैसा आहे, कुणाचा शब्द चालतो, कुणाला तिथे जागा नाही, हे खणत जा. धर्म, समाज आणि राजकारण तिन्ही तिथेच हाताला लागतात, आणि बहुतेक वेळा एकमेकांत गुंतलेले.

मला हे नंदुरबारकडच्या तळोदा तालुक्यात उमगलं. भिल्ल संत गुलामहाराजांच्या आरतीबद्दल विचारत मी गावोगाव फिरत होतो. सोबत छापील प्रश्नावली, तिच्यात दोन रकाने: धार्मिक कारणं, राजकीय कारणं. एका म्हाताऱ्या माळकरी बाबांना मी विचारलं, "तुमच्या वडिलांनी आरतीला जायला सुरुवात केली, ती देवासाठी की हक्कासाठी?" बाबा जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बापाने दारू सोडली. मग शेटच्या ओट्यावर जायचं काम राहिलं नाही."

हे वाक्य कोणत्या रकान्यात लिहायचं? मला जमलं नाही, आणि ती प्रश्नावली मी पुन्हा वापरली नाही.

गुलामहाराज म्हणजे मोरवडचे, त्याच तालुक्यातले भिल्ल समाजातले संत. 1930 नंतरच्या दशकात त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. दारू सोडा, रोज अंघोळ करा, मांस वर्ज्य करा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. हे शेवटचं मला फार मोठं वाटतं. ज्या माणसाला जन्मभर बाजारात, कचेरीत, शेतात 'अरे-तुरे' ऐकावं लागलं, त्याने आपल्या शेजाऱ्याला 'आप' म्हणायचं. 1938 साली महाराज गेले आणि धाकटे बंधू रामदास महाराज पुढे झाले. त्यांच्या काळात सरकारशी खटके उडाले. नुसत्या भजन-आरतीची धास्ती कुठलं सरकार कशाला घेईल?

आता दारूचं अर्थकारण बघा. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि घरच्या घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा झालं. दारू ठेकेदाराच्या, म्हणजे त्या बाबांच्या 'शेट'च्या दुकानातून घ्यायची, पैसे नसले तर उधारीवर. उधारी वाढली की पुढे जमिनीपर्यंत गोष्ट जायची. म्हणून दारू सोडणं हे व्रत होतं, तसाच तो बहिष्कारही होता. आमच्या सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेत 1922 च्या अखेरीस देवीची चळवळ उसळली. अंगात आलेल्यांच्या तोंडून देवी बोलायची: दारू-ताडी सोडा, विकणाऱ्यांशी संबंध तोडा. पुढे तीच देवी गांधींचं नाव घ्या, सूत काता असंही सांगू लागली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सबंध ग्रंथ लिहिलाय (1987). तो मिळवून वाचाच.

तो का, तेही सांगतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरण' ही संकल्पना तुम्ही शिकलाच असाल: खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलतात आणि आपलं स्थान उंचावू पाहतात. पुष्कळ प्रबंधांत गुलामहाराजांची चळवळ या एका शब्दात बसवून पुढे जातात. मला ते पटत नाही. अंघोळ आणि शाकाहार वरच्यांसारखा दिसतो खरा, पण त्याच झटक्यात सावकाराचं गिऱ्हाईक तुटतं. ज्या आचारांना समाजात मान आहे ते हिसकावून आपले करायचे आणि त्याच बळावर मान असलेल्यांशी भिडायचं, ही हार्डिमन यांची मांडणी मला खानदेशातही लागू पडताना दिसते. तरी तिच्यातही एक जागा मोकळी राहते. याच पट्ट्यातले लोक महाशिवरात्रीला देवमोगरा माऊलीच्या यात्रेला जातात, आणि तिथे दारूचा नैवेद्य असतो. मग दारू सोडलेल्या घराने देवीला काय वाहिलं? एकाच गावात माळकरी झालेले आणि न झालेले यांच्या सोयरिकी कशा जमल्या? इथे एक स्वतंत्र प्रबंध दडलाय, कुणी तरी तो लिहावा असं मला मनापासून वाटतं.

हा धागा 1938 पाशी तुटत नाही. 1970 नंतर शहाद्यात भूमिहीन आदिवासी मजुरी आणि गेलेल्या जमिनींसाठी उभे राहिले. त्यांचे पुढारी अंबरसिंग महाराज मुळात भजनं म्हणणारे. पुढे डाव्या विचारांची तरुण मुलं-मुली आली, 1972 मध्ये श्रमिक संघटना झाली. त्या काळात बायका गावागावांत दारूचे अड्डे फोडत होत्या. कुणी त्याला वर्गलढा म्हणतं, कुणी स्त्रीमुक्ती. मला त्यात चाळीस वर्षांपूर्वीची आरतीही ऐकू येते. आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने 1974 साली केला.

पण तुम्ही चोपड्याचे, तुम्हाला भिली-पावरी या आदिवासी बोली येत नसतील तर हा विषय घाईने घेऊ नका. दुभाष्यामार्फत केलेलं काम उघडं पडतं. तुमच्या हाताशी कानबाई आहे, खानदेशातल्या घराघरांतली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या होतात. घरातले पुरुष मोजून प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात आणि तो रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. तुम्ही हे लहानपणापासून खाल्लंय, म्हणून त्याचं नवल वाटत नसेल. आता संशोधक म्हणून बघा: सुरत-पुण्याला गेलेले भाऊ त्या दिवशी गावी येतात. कोण कुणाच्या रोटाला बसला, कोणती दोन घरं वेगळी झाली, लग्न होऊन गेलेली लेक मोजणीत का नाही? ग्रामपंचायतीचं पॅनल बहुतेकदा याच भाऊबंदकीच्या रेषांवर उभं राहतं, असं मी तरी चार-पाच गावांत पाहिलंय. ते तुमच्या गावात खरं आहे का, हे तपासायला निवडणुकीचे आकडे लागतील. तेव्हा आकड्यांकडे जा.

वारीचा विषय घ्यायचा असेल तर मुक्ताईची पालखी आहे. मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत महिनाभराहून जास्त चाल. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच पालखीतल्या ब्राह्मण आणि मराठा दिंड्या जेवायला वेगळ्या बसतात हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहिलं. आज पंगत कशी बसते, मुक्कामाचं जेवण कोणता पुढारी देतो, फलकावर कुणाचा फोटो असतो, हे चालल्याशिवाय कळणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. नंदुरबार जिल्हा तर 1998 चा. म्हणून जुन्या दफ्तरात तळोदा-शहादा 'पश्चिम खानदेश' या नावाखाली शोधा, नंदुरबार मागाल तर रिकाम्या हाताने परताल. गृह खात्याच्या फाइली मुंबईच्या पुराभिलेखागारात बघा, आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ तर तुमच्या घरापासून फार लांब नाही. 1880 चं गॅझेटियर वाचा, पण ते गोऱ्या साहेबाने राज्य चालवायला लिहून घेतलंय. त्यातली 'भिल्ल' या शब्दाभोवतीची विशेषणं वेगळी उतरवून ठेवा, तीही तुमची सामग्री आहे.

गावात गेल्यावर पहिल्या भेटीत मत कुणाला दिलं आणि धर्म कोणता, हे दोन प्रश्न विचारू नका. आदिवासी हिंदू की वेगळे, यावर सध्या गावं तापलेली आहेत. तुमच्या वहीत कुणी काय लिहून दिलं, यावरून उद्या त्याच माणसाला त्रास होऊ शकतो. नावं बदला, गावंही बदला, आणि टंकलेखन झालं की ज्यांनी सांगितलं त्यांना ते वाचून दाखवा. त्या बाबांना मी माझं प्रकरण वाचून दाखवलं होतं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: "बापाने दारू सोडली असं लिहिलंस. आईने सोडायला लावली."