वाचकांचे प्रश्न : ‘सकारात्मक राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : रोज सकाळी आरशासमोर ‘मी यशस्वी आहे, माझ्यात भरपूर आत्मविश्वास आहे’ असं वीस वेळा म्हणते. म्हणतानाच आतून ‘हे खोटं आहे’ असं वाटतं आणि दिवसाची सुरुवात उदास होते. माझं काय चुकतंय?

तुमचं नाही, वाक्यांचं चुकतंय. मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना अशा वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत खालावलेलं होतं, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. गरज ज्यांना जास्त, त्यांनाच हा उपाय बाधतो. न पटणारं विधान पुढे आलं की मन त्याच्या विरोधातली उदाहरणं शोधू लागतं, आणि ती त्याला भराभर सापडतात.

वाक्य असं निवडा, ज्यावर तुमचा दहापैकी निदान सात विश्वास आहे. ‘मी उत्तम बोलते’ हे सोडा. ‘मी तीन मुद्दे लिहून आणले आहेत, त्यातला पहिला मी मांडू शकते’ हे घ्या. यात खोडून काढण्यासारखं काही नाही आणि पुढे काय करायचं तेही त्यातच आलं. वीस वेळा घोकायची गरज नाही, कामाला लागण्याआधी एकदा पुरे. फार दडपण असेल तर ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन स्वतःशी बोला. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत असं बोलणाऱ्यांना तणावाचा प्रसंग हाताळणं सोपं गेलं. स्वतःकडे थोडं लांबून पाहता येतं, म्हणून हे साधतं.

प्रश्न : कामात कुणी एक चूक दाखवली की दिवसभर तेच डोक्यात घोळतं. सगळे म्हणतात, विचार बदल. पण तो बदलायचा कसा, हे कुणी सांगत नाही.

हा प्रश्न सविस्तर उत्तराचा आहे, कारण रोजच्या जगण्यात सकारात्मक दृष्टीचं खरं काम इथेच पडतं. विचार बदलण्याआधी तो पकडावा लागतो, आणि ते कागदावरच नीट होतं. मनातल्या मनात करायला गेलं तर विचार निसटतो आणि नुसता जडपणा उरतो.

मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभ्या केलेल्या, विचार तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीत यासाठी विचारांची नोंद ठेवतात. त्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटं काढून बसा. आधी प्रसंग लिहा, कॅमेऱ्याला दिसेल तेवढाच : ‘अहवालातला एक आकडा चुकल्याचं वरिष्ठांनी सर्वांसमोर सांगितलं.’ ‘त्यांनी माझा अपमान केला’ हा प्रसंग नव्हे, तो त्याचा तुम्ही लावलेला अर्थ. मग मनात आलेला विचार जसाच्या तसा लिहा, ‘मला काहीच धड जमत नाही’, आणि त्यावर किती विश्वास वाटतो ते शंभरपैकी मांडा, समजा ८५. भावना आणि तिची तीव्रताही लिहा : शरम, ८०. पुढे त्या विचाराच्या बाजूचे पुरावे आणि विरोधातले पुरावे. दोन्हीकडे फक्त घडलेल्या गोष्टी, मतं नकोत. शेवटी दोन्ही बाजू सामावणारं एक वाक्य : ‘आकडा माझ्याकडून चुकला हे खरं, पण बाकीचा अहवाल स्वीकारला गेला. पुढच्या वेळी पाठवण्याआधी आकडे मूळ कागदाशी ताडून बघेन.’ आता शरम पुन्हा मोजा.

८० वरून ५० वर आली तर नोंद उत्तम साधली. शून्याची वाट पाहू नका, खऱ्या चुकीबद्दल थोडं वाईट वाटणारच. आकडा हललाच नाही, तर सहसा तीनपैकी एक कारण असतं. विचाराच्या जागी भावना लिहिली गेलेली असते. किंवा विचार प्रश्नाच्या रूपात असतो, ‘आता माझं काय होणार?’ प्रश्नाला पुरावे लावता येत नाहीत, म्हणून त्यामागचं विधान बाहेर काढा : ‘मला कामावरून काढतील.’ तिसरं आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे शेवटचं वाक्य फार गोड झालेलं असतं. ‘सगळं छान होईल’ या वाक्यावर तुमचाच विश्वास नसतो.

पुरावे सुचत नसतील तर मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी दाखवलेल्या तीन गोष्टी तपासा. हे कायमचं आहे की आजचं? सगळ्या कामांना लागू आहे की याच कामाला? सर्वस्वी माझ्यामुळे घडलं की इतरही कारणं होती? निराश मन तिन्ही ठिकाणी टोकाचं उत्तर देतं. तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र सांभाळा. आपला वाटा खरोखर असेल तर तो कागदावर राहू द्या. दोष दुसऱ्यावर ढकलून मन हलकं होईल, पण तीच चूक पुन्हा होईल.

प्रश्न : कृतज्ञतेची वही रोज लिहायचो. महिनाभरात तेच तेच लिहिलं जाऊ लागलं. सोडून द्यावी का?

सोडू नका, आठवड्यातून एकदाच लिहा. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्याला एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. सवयीचं झालं की मन तिकडे लक्ष देत नाही. ‘कुटुंब, आरोग्य’ असे मोघम शब्द टाळा. तीनच गोष्टी पुरेत, पण कुणी काय केलं आणि ते का घडलं, हे दोन ओळींत लिहा.

प्रश्न : परीक्षेत पहिला आल्याचं चित्र रोज डोळ्यांसमोर आणतो. छान वाटतं, पण अभ्यास होत नाही.

छान वाटतं, हीच यातली अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी अनेक वर्षं यावर काम केलं आहे. नुसतं यशाचं चित्र रंगवलं की मनाला ते मिळाल्यासारखंच वाटतं आणि अंगातली ऊर्जा उतरते. तुमचं चित्र टाकून देऊ नका, त्याच्या लगेच पुढे अडथळा ठेवा.

क्रम असा : इच्छा एका वाक्यात. ती पुरी झाल्यावर सर्वांत चांगलं काय होईल, ते मिनिटभर नीट डोळ्यांसमोर आणा. मग स्वतःमधला मुख्य अडथळा शोधा. ‘वेळ नाही’ इथे थांबू नका, आणखी खोल जा : ‘अवघड धडा उघडला की भीती वाटते आणि हात मोबाइलकडे जातो.’ शेवटी ‘जर-तर’ वाक्य : ‘जर हात मोबाइलकडे गेला, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून या धड्यातलं एकच उदाहरण सोडवेन.’ ‘जर’ हा डोळ्यांना दिसणारा क्षण हवा आणि ‘तर’ पाच मिनिटांत सुरू होणारी कृती. ‘मन लावून अभ्यास करेन’ ही कृती नाही. क्रम उलटा करू नका, आधी अडथळा आणि मग स्वप्न असं केलं तर परिणाम राहत नाही.

प्रश्न : आईला कर्करोग आहे. ‘सकारात्मक राहिलात तरच बऱ्या व्हाल’ असं भेटायला येणारे सांगतात. ती रडली की तिला स्वतःलाच अपराधी वाटतं.

आईंना आजच सांगा की रडण्याने कर्करोग वाढत नाही. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्याच्या व मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. रुग्णाची भावनिक स्थिती आणि तो किती काळ जगला यांचा संबंध आढळला नाही. आजाऱ्यावर बरं होण्याची अशी जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही हे स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

त्या रडतील तेव्हा ‘रडू नकोस’ म्हणू नका. ‘आज कशाचं जास्त वाटतंय?’ असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. रोज एखादा निर्णय त्यांच्या हातात राहू द्या : औषधानंतर आधी विश्रांती की फेरफटका, कुणाला भेटायचं, कुणाला नाही. आपल्या हाती काही उरलं नाही ही भावना माणसाला फार खचवते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर राहिली, कशातच रस उरला नाही, किंवा जगणं नको असं त्या म्हणाल्या, तर ‘आजारात असं होणारच’ म्हणून सोडू नका. जगणं नको असं म्हणाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. झोप, भूक आणि बोलणं यांत काय बदल झाले, ते तारखेसह लिहून न्या. कर्करोगावरच्या काही औषधांनीही मनःस्थिती बदलते, त्यामुळे चालू औषधांची पूर्ण यादी सोबत असू द्या.