हार्मोनियमवरून अरेंजर कीबोर्डवर येताना दुकानात काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं हार्मोनियम वाजवता, आता भावगीतं आणि अभंगांच्या हौशी कार्यक्रमांना साथ करण्यासाठी अरेंजर कीबोर्ड घ्यायचा आहे, साठ-सत्तर हजारांपर्यंत जायची तयारी आहे. यामाहा पीएसआर-आय५००, कॅसिओ सीटी-एक्स९०००आयएन, कोर्ग ईके-५० आणि यामाहा पीएसआर-एसएक्स६०० या चारांपैकी कोणता घ्यावा, हे ठरत नाहीये.

मी अशाच कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो आणि माझी सुरुवातही पेटीपासूनच झाली. आधी एक सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो. अरेंजरमध्ये सगळा कारभार त्याच डाव्या हाताकडे येतो. तुम्ही डावीकडे कॉर्ड (एकत्र दाबलेले दोन-तीन सूर) धरता आणि यंत्र त्या कॉर्डप्रमाणे बेस, गिटार, स्ट्रिंग्ज आणि ठेका चालवतं. या तयार साथीच्या साच्याला ‘स्टाइल’ म्हणतात. उजव्या हाताला हे चारही कीबोर्ड पहिल्या पाच मिनिटांत आवडतील. खरा फरक डाव्या हाताखाली कळतो, म्हणून तपासणीचा बहुतेक वेळ तिथेच घालवा.

दुकानात गेल्यावर डेमो साँग लावू देऊ नका. ते कंपनीने कसलेल्या वादकांकडून करून घेतलेलं असतं आणि त्यात सगळेच कीबोर्ड सुंदर वाजतात. तुमच्या कार्यक्रमातली तीन-चार गाणी ठरवून जा: एक केहरव्यातलं, एक दादऱ्यातलं, एक भैरवी आणि एक भजनी ठेक्यातला अभंग. तीच गाणी तशीच प्रत्येक कीबोर्डवर वाजवा.

भैरवीपासून सुरुवात करा. पांढरी एकचा सा धरून डाव्या हातात सा, कोमल ग, प अशी कॉर्ड घ्या. तिथून कोमल रे, म, कोमल ध वर जा आणि परत या. हे जलद करा आणि कान बेसवर ठेवा. चांगली स्टाइल असेल तर बेस गुळगुळीत सरकतो आणि स्ट्रिंग्ज जवळच्या सुरांवरच राहतात. कच्ची स्टाइल असेल तर मागचे सूर मध्येच वरच्या सप्तकात उडी मारतात, आणि गायकाला ते लगेच खटकतं. दुसरी कसोटी म्हणजे नुसते सा आणि प धरून पाहा. रागावर बेतलेल्या गाण्यात बऱ्याच जागी गंधार (ग) सांगणारी कॉर्ड नकोच असते, गायकाला मोकळं सोडायचं असतं. एसएक्स६०० हे दोन सूर वेगळी कॉर्ड म्हणून ओळखतो आणि साथीतला गंधार काढून टाकतो. त्याच्या ‘फिंगर्ड ऑन बेस’ पद्धतीत सर्वांत खालचा सूर बेसला मिळतो, त्यामुळे वर कॉर्ड बदलत असतानाही खाली सा टिकवता येतो. आपल्या गाण्यांसाठी या दोन सोयी मला हजार टोनांपेक्षा (वाद्यांच्या आवाजांपेक्षा) मोलाच्या वाटतात. बाकीच्या तिघांवरही हे दोन्ही प्रयोग करून पाहाच.

एका बोटाच्या कॉर्डची सवय मात्र लावून घेऊ नका. यामाहात मूळ सूर आणि त्याच्या डावीकडची काळी दाबली की मायनर कॉर्ड होते, तर कॅसिओच्या पद्धतीत मूळ सुराच्या उजवीकडची कोणतीही एक की दाबून ती होते. म्हणजे यंत्र बदललं की हात अडतो. पहिल्या दिवसापासून तीन बोटांच्या पूर्ण कॉर्ड धरा. हार्मोनियममुळे सुरांची जागा तुम्हाला पाठ आहेच, त्यामुळे हे वाटतं तितकं अवघड जात नाही.

आता ठेक्याकडे येऊ, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या कीबोर्डात बहुतेक स्टाइल ४/४, ३/४ आणि ६/८ च्या असतात. केहरवा ४/४ मध्ये आणि दादरा ६/८ मध्ये बसवता येतो, पण तालाचं वजन बदलतं. ‘धा गे ना ती न क धी ना’ यातली ‘खाली’, म्हणजे तालातला हलका, बिनवजनाचा भाग, ड्रमसेटच्या स्टाइलला माहीत नसते. ती प्रत्येक आवर्तन सारख्याच जोराने मारत राहते. रूपकाच्या सात मात्रा तयार स्टाइलमध्ये क्वचितच सापडतात. आय५०० आणि सीटी-एक्स९०००आयएन ही मॉडेलं भारतासाठी काढलेली असल्याने त्यांत तबला-ढोलकीचे आवाज आणि आपल्याकडचे ठेके तयार मिळतात. आय५००मध्ये तर रियाजाची वेगळी सोय आहे, तानपुरा आणि तबला लावून गाता-वाजवता येतं. घरी रियाज आणि अधूनमधून कार्यक्रम एवढंच असेल, तर तो पुरेसा आहे आणि बाकीचे पैसे वाचवा, असं मी मनापासून सांगेन. तरीही तयार ठेके ऐकताना फिल (ठेक्यामधला छोटा भराव) दाबून पाहा. मुख्य ठेका तबल्याचा आणि फिलमध्ये एकदम पाश्चात्त्य ड्रमसेटची टमटम, असं झालं तर अभंगाचा सगळा भाव मोडतो.

एसएक्स६००ची खरी ताकद त्याच्या स्टाइल क्रिएटरमध्ये आहे. त्यात ८५० टोन आणि ४१५ स्टाइल आहेत, हा आकडा विक्रेता तुम्हाला हमखास ऐकवेल. पण आपला भजनी ठेका स्वतः बोटांनी वाजवून साठवता येतो, त्याला हवा तसा बेस जोडता येतो, इंट्रो आणि एंडिंग बसवता येतं, ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. संगणकावरून एक्स्पान्शन पॅक चढवून भारतीय वाद्यांचे आवाजही वाढवता येतात. यासाठी बसून शिकावं लागतं, एका संध्याकाळात होत नाही. ज्याला ही बैठक आवडते त्याला या कीबोर्डातून स्वतःच्या मंडळाची साथ उभी करता येते, आणि तो आनंद फार मोठा आहे. कॅसिओतही रिदम एडिटर आहे, पण छोट्या पडद्यावर काम करताना धीर लागतो. ईके-५०वर स्टाइल नव्याने घडवायची सोय नाही. त्याचा मूळ आवाज मात्र मला चौघांत फार गोड वाटतो, विशेषतः पियानो आणि स्ट्रिंग्ज. हिंदी गाणी आणि पाश्चात्त्य वळणाची भावगीतं जास्त असतील तर तो जरूर ऐका. शिवाय तो सेलवरही चालतो, त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला बसायचं असेल तर वायर ओढावी लागत नाही.

पॉलिफनीचा, म्हणजे एकाच वेळी किती सूर वाजू शकतात याचा, आकडा कागदावर रुक्ष वाटतो, पण तो समजून घ्या. ईके-५० आणि सीटी-एक्स९०००आयएन यांत ६४, तर एसएक्स६००मध्ये १२८ सूर एकाच वेळी वाजू शकतात. साथ चालू असताना ठेका, बेस, गिटार, पॅड (मागे सलग धरलेले सूर) हे सगळे त्यातलाच वाटा घेतात आणि काही टोन एका सुराला दोन-दोन जागा खातात. पूर्ण साथ लावा, सस्टेन पेडल (सूर लांबवणारं पायाचं पेडल) दाबून ठेवा आणि उजव्या हाताने पियानोवर जलद सुरावट घ्या. आधीचे सूर अर्ध्यात तुटतात का, ते ऐका. साध्या भावगीतात हा प्रश्न येत नाही, भरगच्च साथीत येतो.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, हे पेटीवाल्याचं जुनं स्वप्न, कारण पेटीवर ती निघतच नाही. इथे सूर वर-खाली वाकवणाऱ्या पिच बेंडने ती मिळते. बेंडची मर्यादा साधारणपणे दोन अर्धस्वरांवर ठेवलेली असते, म्हणजे म वरून प गाठता येतो. शुद्ध ग वरून प पर्यंत जायचं तर तीन अर्धस्वर लागतील, तेव्हा ती मर्यादा कुठून बदलते ते दुकानदाराकडून बघून घ्या. बासरीचा टोन लावून सावकाश मींड घ्या. हार्मोनियमचा टोन वाजवताना मात्र टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होणं) बंद करा, नाहीतर बोट हलकं पडलं की सूर विरतो आणि तुम्हाला वाटेल की टोनच वाईट आहे.

पट्टीचंही लगेच तपासा. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेनंतर लगेच काळी एकचा गायक उभा राहतो, तेव्हा ट्रान्स्पोज (पट्टी बदलण्याची सोय) एका बटणावर आहे की मेनूत शिरावं लागतं, यावर तुमची अब्रू अवलंबून असते. एसएक्स६००वर त्याची बटणं वरच आहेत.

दुकानात निदान तासभर बसू देतील असं ठिकाण निवडा. मुंबईत असाल तर धोबीतलावचं फुर्ताडोज हे जुनं दुकान आहे, एकाच छपराखाली वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड शेजारी-शेजारी वाजवून पाहण्यासाठी असंच ठिकाण बरं. हेडफोन लावून एकदा ऐका आणि एकदा उघड्या स्पीकरवर. हेडफोनमध्ये बेस भारी वाटतो, तोच सभागृहात गायब होऊ शकतो. जुना कीबोर्ड घ्यायचा विचार असेल तर प्रत्येक की एकाच जोराने, एकामागून एक दाबा. एखादी अचानक किंचाळली किंवा मुकी राहिली तर आतल्या रबरी कॉन्टॅक्टमध्ये धूळ किंवा झीज आहे. दुरुस्त होतं, पण ते धरूनच भाव करा.

तुम्ही अभंग आणि भावगीतं दोन्ही लिहिलंत आणि बजेटही आहे, म्हणून माझं मत एसएक्स६००च्या बाजूने जातं. स्वतः ठेके बनवायची अजिबात आवड नसेल तर सीटी-एक्स९०००आयएन घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला स्टँड, सस्टेन पेडल आणि छोटा अँप्लिफायर घ्या. तुमच्याकडे तबलजी कायम सोबत असतो का, ते कळवा. तो असेल तर तुम्हाला ठेका बंद करून फक्त बेस आणि पॅड चालवावे लागतील, आणि मग निवडीचा सगळा हिशोब वेगळा होतो.