वाचकांचे प्रश्न : ट्वीडवरचा सॅल्मन आणि मांडवीतला चोणक

गोव्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आज ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्याकडे जाऊन येणाऱ्यांचे आणि तिथली फ्लाय-गळाची हौस घेऊन परतणाऱ्यांचे प्रश्न या वेळी जास्त आले. पिसं-केस बांधून केलेला गळ म्हणजे फ्लाय, आणि तो फेकला जातो तो लाइनच्या वजनाने, हे वाचकांना ठाऊक आहे असं धरून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटी मुलाकडे एडिंबराला जातो आहे. ट्वीड नदीवर बुकिंग मिळालं आहे. दुकानात भिंतभर फ्लाय दिसतात. नेमक्या कुठल्या घ्याव्यात आणि कशा वापराव्यात? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नदी बरोबर निवडली आहे. स्पे नदीचा हंगाम 30 सप्टेंबरला संपतो, टे आणि डी 15 ऑक्टोबरला बंद होतात. ट्वीड मात्र 30 नोव्हेंबरपर्यंत चालू असते. 15 सप्टेंबरपासून तिथे फक्त फ्लायच चालते. रविवारी स्कॉटलंडभर सॅल्मन धरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शनिवार-रविवार गाठून जाल तर एक दिवस हातचा जाईल.

फ्लाय पाच-सहा प्रकारच्या पुरतात. त्या वेगवेगळ्या रंगांच्या नव्हे, वेगवेगळ्या वजनांच्या घ्या. कारण असं, की नदीत शिरलेला सॅल्मन खात नाही. अंडी घालायला वर चढताना तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर जगतो. तरीही तो फ्लाय धरतो. चिडून, सवयीने की जागा राखायला, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण भुकेला मासा जसा फ्लायमागे धावत येईल तसा हा येत नाही, गार पाण्यात तर नाहीच. त्याच्या खोलीवर, त्याच्या तोंडासमोरून, सावकाश जाईल तीच फ्लाय कामाची. आधी खोली, मग गती, मग आकार, आणि रंग सगळ्यांत शेवटी.

म्हणून सकाळी आधी पाण्याचं तापमान घ्या. 10 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर तरंगती लाइन, 10-12 फुटांचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) आणि 8 किंवा 10 नंबरची कॅस्केड किंवा सिल्व्हर स्टोट. त्याखाली गेलं, आणि ऑक्टोबर सरताना ते बहुधा जातंच, की लाइनच्या टोकाला 10 ते 15 फुटांची बुडणारी टिप जोडा. लीडर 4-5 फुटांवर आणा. हे अनेक जण विसरतात. टिप बुडते, पण लांब लीडरवरची हलकी फ्लाय प्रवाहाने उचलली जाऊन वरच्यावरच राहते. फ्लाय इथे जड हवी : पितळेच्या किंवा तांब्याच्या एक-दीड इंची नळीवर बांधलेली विली गन, म्हणजे काळ्या, नारिंगी आणि पिवळ्या केसांची. शरदात नारिंगी, लाल, पिवळा हेच रंग चालतात; ॲलीज श्रिंपही त्याच घराण्यातली. नदी उतरलेली आणि नितळ असेल तर मात्र लहान, काळी आणि विरळ फ्लाय घ्या.

फेक प्रवाहाच्या खालच्या अंगाला साधारण 45 अंशांत टाका. लाइन पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिचा पोटाचा बाक वरच्या दिशेला उलटवून टाका, नाहीतर प्रवाह तो बाक ओढत नेतो आणि फ्लाय माशासमोरून सुसाट निघून जाते. आणखी खोल जायचं असेल तर फेक जवळजवळ काटकोनात टाका, बाक उलटवा आणि लाइन ताठ होण्याआधी दोन पावलं खाली सरका. फ्लाय काठाशी येऊन थांबली की लगेच उचलू नका. पाच-दहा सेकंद तशीच लोंबू द्या, मग हातभर लाइन ओढा आणि पुढची फेक. प्रत्येक फेकीनंतर एक-दोन पावलं खाली. एकाच जागी उभं राहून वीस फेकी टाकणं म्हणजे न खाणाऱ्या माशाला तेच ते दाखवत बसणं.

दोन गोष्टींवर नजर असू द्या. एक, झडलेली पानं. ऑक्टोबरात ती पाण्यात इतकी वाहतात की फ्लायवर एक अडकलं तरी ती गरगर फिरते आणि ती फेक फुकट जाते. फ्लाय उचलली की बघा. दुसरी, पाण्याची पातळी. पाणी चढतंय, गढुळतंय, तोवर मासे चालत राहतात, धरत नाहीत. पातळी उतरू लागून पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला की ते जागा धरतात. तेच तास मोलाचे. जेवण वाटेल तेव्हा उरकता येईल, हे तास सोडू नका.

रॉड 14-15 फुटी, दोन्ही हातांनी फेकायचा, 10 वजनाच्या लाइनचा. केल्सो गावाच्या खालचं पात्र रुंद आहे. तिथे बरेचदा बोटीतूनच फेकावं लागतं. बोटमन सांगेल ते ऐका, दगड न् दगड त्याच्या ओळखीचा असतो.

प्रश्न : गेल्या शरदात सॅल्मनने फ्लाय ओढल्याचं चार-पाचदा हाताला स्पष्ट कळलं. लगेच रॉड उचलला, पण एकदाही लागला नाही. गळ धारदार होता. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : लगेच उचललात, म्हणूनच. सॅल्मन फ्लाय धरतो तेव्हा त्याचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, म्हणजे तुमच्याकडेच असतं. त्या क्षणी ओढ दिली तर फ्लाय उघड्या जबड्यातून सरळ बाहेर येते. तो वळून आपल्या जागी परत जाऊ लागला की लाइन जबड्याच्या कडेने सरकते आणि गळ कोपऱ्यात रुततो. तिथे लागलेला सहसा सुटत नाही.

रीलचा ब्रेक हलका ठेवा, लाइन बोटाखाली दाबून धरू नका, रॉडचं टोक खाली असू द्या. ओढ जाणवली की काहीही करू नका. रील वाजू लागली, लाइन जड होऊन सलग जाऊ लागली, की मग रॉड सावकाश उचला. शेवाळात गरी धरून बसणाऱ्या हाताला हे थांबणं फार जड जातं. बोटांनी झटका द्यायची सवयच लागलेली असते. ती मोडावी लागते, दुसरा इलाज नाही.

नुसतीच टोच लागून मासा गेला, तर त्याला पाच मिनिटं विश्रांती द्या. दहा-पंधरा पावलं वर जा, एक नंबर लहान फ्लाय लावा आणि त्याच टप्प्यातून पुन्हा खाली या.

प्रश्न : कॅस्केड घरी बांधायची आहे. साहित्य आणि क्रम सांगाल का? माझ्या बांधलेल्या फ्लायचं डोकं नेहमी जाड होतं. – एक वाचक, फोंडा

उत्तर : 8 नंबरचा दुहेरी सॅल्मन हूक, काळा दोरा. शेपटीला पिवळे आणि नारिंगी हरणाच्या शेपटीचे केस, सोबत मोतिया चमकीचे दोन-तीन धागे. अंगाचा मागचा अर्धा भाग चपटी रुपेरी पट्टी, पुढचा अर्धा काळा फ्लॉस, आणि वरून रुपेरी गोल तारेचे चार-पाच वेढे. पंखाला काळे खारीचे केस, शेपटीपर्यंत पोचतील इतके. पुढे पिवळं आणि नारिंगी कोंबड्याचं पीस एकत्र गुंडाळायचं.

डोकं जाड होतं ते शेवटी नाही, सुरुवातीलाच. शेपटीचे केस बांधून त्यांची बुडखं तिथेच कापली की दांड्यावर पायरी तयार होते, अंग ओबडधोबड होतं, आणि ते झाकायला आपण दोरा वाढवत जातो. बुडखं अंगाच्या पूर्ण लांबीवर पुढपर्यंत दाबून न्या, म्हणजे अंग सपाट बसतं. हूकच्या डोळ्यामागे 3 मिलिमीटर जागा मोकळी सोडा आणि पंख बांधेपर्यंत त्या जागेत दोरा जाऊ देऊ नका. पंखाचे केस बांधायच्या आधीच तिरके कापा. बांधून झाल्यावर कापलेले केस आडवे पसरतात.

शेपटी हूकच्या दुप्पट लांब, पण विरळ हवी. आरपार उजेड दिसला पाहिजे. दाट शेपटी पाण्यात लवलवत नाही, एकसंध काडीसारखी सरळ राहते. पिसाचे तीन वेढे पुरेत. पावसाळ्यात आपल्याकडे डब्यातले हूक गंजतात आणि केसांना बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा घट्ट बंद ठेवा.

प्रश्न : ट्वीडसाठी घेतलेल्या फ्लाय आणि रॉड पडून आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मांडवीत किंवा शापोऱ्यात त्यावर चोणक धरता येईल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : चोणक येईल, पण सामान बरंच बदलावं लागेल. सॅल्मनचे बारीक तारेचे दुहेरी-तिहेरी हूक चोणकाच्या जबड्यात सरळ होतात आणि खाऱ्या पाण्यात लगेच गंजतात. 15 फुटी रॉड खारफुटीच्या फांद्यांखाली फिरवता येत नाही. 9 फुटी, 8 किंवा 9 वजनाचा एकहाती रॉड घ्या. लाइन उष्ण हवेसाठी बनवलेली, सावकाश बुडणारी. थंड देशांतली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, चिकटते आणि रॉडच्या कड्यांतून सरकतच नाही. फेक आखूड पडते ती हाताच्या दोषाने नव्हे.

लीडरचं शेवटचं दीड-दोन फूट 40 ते 50 पौंडांचं फ्लुओरोकार्बन हवंच. चोणकाचे दात बारीक असले तरी तोंड खरखरीत असतं, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्याइतकी धारदार असते. बारीक लीडर तिथे घासून तुटतो. त्याच कडेने बोटही कापतं, तेव्हा कल्ल्याजवळ उघडा हात नेऊ नका, खालचा ओठ पकडा.

फ्लाय : 2/0 किंवा 3/0 हूकवरची पांढरी-पोपटी क्लाउझर मिनो, आणि हळू बुडणारी पांढरी डिसीव्हर. पाणी गढूळ असेल तर काळी किंवा गडद जांभळी, पुढचा भाग भरीव असलेली. गढुळात मासा ढकललेल्या पाण्याची थरथर अंगाने टिपतो आणि गडद आकृती उठून दिसते. तुमच्या पेटीतल्या प्लास्टिक नळीवरच्या फ्लाय मात्र वाया जाणार नाहीत. मूळ हूक काढा, आखूड दांड्याचा गंजरोधक 2/0 बसवा. रिकामी नळी असेल तर लायटरच्या आचेने टोकाला किंचित ओठ वळवा, म्हणजे दोरा निसटत नाही.

वेळ ओहोटीचे शेवटचे दोन तास. तिवरांतलं पाणी चरातून बाहेर पडतं तेव्हा त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि लहान मासळी येते, आणि चोणक चराच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला दबा धरून असतो. फ्लाय चरात टाका, पाण्याबरोबर बाहेर येऊ द्या, दोन आखूड झटके, मग थांबा. बहुतेक वेळा तो त्या थांब्यातच गिळतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आणि गढूळ वाहतं. त्यानंतरचे भांगाकडे, म्हणजे कमी भरती-ओहोटीकडे, झुकणारे दिवस आम्हाला जास्त बरे वाटतात.

आणि इथे सॅल्मनचा नियम उलटा. चोणक भुकेने धरतो, एका घोटात आत ओढतो आणि चूक कळली की तितक्याच झपाट्याने थुंकतो. रॉड उचलायचा नाही आणि थांबायचंही नाही. रॉड फ्लायच्या दिशेलाच रोखून लाइन हाताने कचकन मागे ओढा, मग लगेच त्याला मुळांपासून दूर ओढायला लागा. पहिल्या काही सेकंदांत तो तिवराच्या मुळांत शिरला तर लाइन गेली.

मोठे चोणक परत सोडावेत, असं आमचं ठाम मत आहे. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. 80-85 सेंटिमीटरच्या पुढचा चोणक बहुधा अंडी देणारी मादीच असते. रवा लावून तळायला दोन-तीन किलोचाच चांगला.

प्रश्न : खाजणाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) मानशीपाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, चोणक जमतात. तिथे फ्लाय टाकली तर चालते का? – एक वाचक, दिवाडी

उत्तर : न विचारता नाही. मानशीवरच्या मासळीचा हक्क लिलावाने दिलेला असतो आणि ओहोटीला दारं उघडली की तिथे घेणाऱ्याचं जाळं लागतं. त्याला भेटा, जाळं काढल्यावर बाहेरच्या बाजूच्या डोहात टाकू द्यायला अनेकदा हरकत नसते. बांधावर कडेची माती तुडवत चालू नका, तो ढासळला तर खारं पाणी शेतात शिरतं. चोडणच्या पक्षी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकूच नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत : तिथे पाण्यात उतरून फेकू नका, होडीतून फेका, आणि मासा सोडतानाही हात पाण्यात लोंबत ठेवू नका.