कॅनडाचा स्पाउस इंटरव्ह्यू: रेकॉर्डिंग नसतं, पण नोट्स असतात

ताई, नवऱ्याने तुम्हाला कॅनडात बोलावण्यासाठी केलेल्या स्पॉन्सरशिपच्या फाइलवर तुम्हाला इंटरव्ह्यूचं पत्र आलंय. तो रेकॉर्ड होतो का, आणि अधिकाऱ्याने भलतंच लिहून घेतलं तर आपल्या हातात काय राहतं, असं तुम्ही विचारलंय. मी याच वाटेने कॅनडात आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिसा ऑफिसातल्या इंटरव्ह्यूचं ऑडिओ किंवा व्हिडिओ सहसा होत नाही. अधिकारी प्रश्न विचारतो आणि तुमची उत्तरं तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर टाइप करतो. त्या सिस्टिमला जीसीएमएस म्हणतात. प्रत्येक शब्द त्यात उतरत नाही, पण निर्णय त्या नोट्सवरच होतो, आणि पुढे अपील किंवा कोर्टाची वेळ आली तर तिथेही त्याच काढल्या जातात. म्हणून तुमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर हवं: आपलं म्हणणं त्या नोट्समध्ये बरोबर उतरतंय ना.

माझ्या वेळी काय झालं ते सांगते. दुभाषी मराठी बोलत होता, पण त्याच्या कानाला हिंदीचीच सवय जास्त होती. मी म्हटलं, "लग्न जानेवारीत ठरलं, मे महिन्यात झालं." त्याने इंग्रजीत सांगितलं की लग्न जानेवारीत झालं. टाइपिंग थांबलं आणि अधिकाऱ्याने माझ्या मॅरेज सर्टिफिकेटकडे पाहिलं. त्यावर मे होता. माझ्या पोटात गोळा आला, पण तेवढं इंग्रजी मला कळत होतं. मी हात वर केला आणि म्हटलं, "थांबा, हे भाषांतर चुकलंय. ठरणं वेगळं, होणं वेगळं." मग साखरपुड्याची आणि लग्नाची अशा दोन्ही तारखा सांगितल्या आणि "ही दुरुस्ती नोट्समध्ये लिहाल का?" असं स्पष्ट विचारलं. नंतर नोट्स मागवल्या तेव्हा त्यात दोन ओळी होत्या: पीएने आधी जानेवारी सांगितलं, मग दुभाष्याची चूक असल्याचं सांगून मे अशी दुरुस्ती केली. पीए म्हणजे मुख्य अर्जदार, म्हणजे मीच. ती दुसरी ओळ नसती तर फाइल वाचणाऱ्या कोणालाही मी खोटं बोलले असंच वाटलं असतं.

तेव्हा दुभाष्याचं कळत नसेल तर सुरुवातीलाच सांगा. "दुभाष्याची भाषा समजते ना?" असं विचारतात, तिथे भिडेखातर हो म्हणू नका. एकदा हो म्हटलं की नंतरची तक्रार फार कमजोर पडते. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, अंदाजाने तारीख ठोकू नका. तुम्हाला आणि नवऱ्याला वेगवेगळं विचारून उत्तरं ताडून पाहू शकतात.

उत्तरांत विसंगती वाटली, किंवा तुम्हाला ठाऊक नसलेली माहिती बाहेरून मिळाली, तर ती तुमच्यापुढे मांडून बोलायची संधी देणं अपेक्षित असतं. याला प्रोसीजरल फेअरनेस म्हणतात. शेवटी अधिकारी "मला अमुक शंका आहे" असं म्हणाला की घाबरून गप्प बसू नका. तुमची बाजू फाइलवर आणायची तीच वेळ असते.

नोट्सना किती वजन आहे हे बेकर खटल्यावरून कळतं. मेविस बेकर या जमैकाहून आलेल्या बाईंनी कॅनडात 11 वर्षं घरकाम केलं होतं, त्यांची चार मुलं तिथेच जन्मली होती. कॅनडात कायम राहू देण्यासाठी माणुसकीच्या आधारावर केलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला. वकिलाने कारणं मागितली तेव्हा हाती आल्या त्या अधिकाऱ्याच्या नोट्स, आणि त्या वाचवत नव्हत्या, इतका आकस त्यात होता. 1999 मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने त्या नोट्स हीच निर्णयाची कारणं धरली आणि त्यात पक्षपाताची रास्त शंका दिसते म्हणून निर्णय रद्द केला. त्यांचा इंटरव्ह्यूही झाला नव्हता. अधिकाऱ्याच्या त्या नोट्सवर केस फिरली. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता.

नोट्स मागवणं अवघड नाही. कॅनडाच्या प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली स्वतःची माहिती फुकट मिळते, आणि जुलै 2022 पासून कॅनडाबाहेर बसलेली व्यक्तीही थेट अर्ज करू शकते. नाहीतर तुमची लेखी संमती घेऊन नवरा तिकडून अ‍ॅक्सेस टू इन्फर्मेशनखाली 5 डॉलर भरून मागवू शकतो. कायद्यात 30 दिवसांची मुदत आहे, ती लांबतेही. काही भाग काळा केलेला येतो. चुकीची माहिती दिसली तर दुरुस्ती मागता येते, आणि नाकारली तर तुमची मागणी नोंदीला जोडून ठेवायला लावता येते.

नकार आलाच तर अपील तुम्ही नाही, नवरा करतो, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे, 30 दिवसांत. तिथे नवे पुरावे देता येतात, वकील ठेवता येतो, आणि ती सुनावणी मात्र रेकॉर्ड होते. हे बाहेरून केलेल्या फॅमिली क्लासच्या, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला स्पॉन्सर करण्याच्या अर्जाचं झालं. कॅनडात राहून केलेल्या अर्जाला हे अपील नसतं, फेडरल कोर्टात जावं लागतं आणि तिथे मुदत फक्त 15 दिवसांची असते.

लपवून रेकॉर्डिंग करायचा विचार मनातून काढून टाका. पकडलं गेलं तर तुमच्या खरेपणावरच डाग लागेल. त्याऐवजी मी केलं ते करा: बाहेर पडल्यावर आधी कोणाला फोन न करता एका वहीत प्रश्न आणि उत्तरं आठवतील तशी लिहा, तारीख-वेळ टाका. नोट्स आल्यावर तीच वही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडता येते.

आणि फॉर्म एजंटने भरले असतील तर इंटरव्ह्यूच्या आधी प्रत मागून घ्या आणि स्वतः वाचा. त्यात त्याने खोटं घातलं असेल तरी सही तुमची आहे. चुकीच्या माहितीबद्दलची 5 वर्षांची बंदी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही. चूक सापडली तर इंटरव्ह्यूची वाट न पाहता आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, वेबफॉर्मवरून आधीच कळवा. पत्रात दुभाष्याची भाषा हिंदी लिहिली असेल तर मराठी हवी हेही त्यातच लिहा, आणि पाठवल्याच्या पोचेची प्रिंट त्या दिवशी सोबत ठेवा.