फायरवॉलवरून पिंग लागतो, पीसीवरून नाही: आधी परतीचा रस्ता बघा

भाऊ, तुमची मांडणी मी समजलो ती अशी. नागपुरातल्या बर्डीच्या ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, हिंगणा एमआयडीसीतल्या गोदामाचं १९२.१६८.२०.०/२४. बर्डीत लिनक्सची फायरवॉल, म्हणजे दोन नेटवर्कमधली वाहतूक तपासून सोडणारं मशीन. तिचं इथ० नावाचं नेटवर्क कार्ड १०.२ वर (पत्त्यांचे शेवटचे दोनच आकडे लिहितोय), आणि गोदामाच्या लाइनला जोडलेलं इथ१ कार्ड २०.२ वर. दोन्हीकडे इंटरनेटचे राउटर वेगळे, १०.१ आणि २०.१. फायरवॉलवर बसलं की दोन्हीकडे पिंग (मशीन उत्तर देतं का हे बघायची हाक) लागतो, पण अकाउंट्सच्या पीसीवरून (१०.४०) गोदामातला टॅलीचा सर्व्हर (२०.१५) उत्तर देत नाही. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही फायरवॉलचे सगळे नियम पुसायला निघालात.

ते करू नका. आयपीटेबल्स (लिनक्सवर फायरवॉलचे नियम लिहायचं साधन) -एफ ने नियम जातात, पण पॉलिसी, म्हणजे कोणताच नियम लागू नसेल तेव्हाचा निर्णय, तशीच राहते. इनपुटची, म्हणजे त्या मशीनकडे येणाऱ्या पॅकेटांची, पॉलिसी ड्रॉप (टाकून द्या) असेल तर तुमचं एसएसएच (दुरून मशीनवर काम करायची जोडणी) त्याच क्षणी तुटेल आणि मशीनसमोर जाऊन बसावं लागेल.

तुमची दिशाभूल झाली ती फायरवॉलवरून लागणाऱ्या पिंगमुळे. फायरवॉल २०.१५ ला पिंग करते तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून इथ१ चा २०.२ लावते. सर्व्हरला वाटतं शेजाऱ्यानेच हाक मारली. उत्तर द्यायला त्याला गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, लागतच नाही. पीसीचं पॅकेट मात्र १०.४० चं नाव घेऊन येतं. तो पत्ता सर्व्हरच्या नेटवर्कबाहेरचा, म्हणून उत्तर जातं डीफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे २०.१ च्या इंटरनेट राउटरकडे. त्याला बर्डीचं नेटवर्क माहीतच नाही. उत्तर निघालं, पण भलत्याच दाराने. खात्री करायची तर फायरवॉलवरून पिंग -आय (कॅपिटल आय) १९२.१६८.१०.२ असा सोर्स देऊन २०.१५ ला पिंग करा. माझा अंदाज, हा लागणार नाही.

मग पीसीवर पिंग चालू ठेवा आणि फायरवॉलवर दोन खिडक्यांत टीसीपीडम्प (कार्डावरून येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावा, एक इथ० वर, एक इथ१ वर, फक्त आयसीएमपी, म्हणजे पिंगची पॅकेटं, बघायला. इथ० वर काहीच आलं नाही तर पीसीचं पॅकेट १०.१ कडे चाललंय. इथ० वर आलं पण इथ१ वरून निघालं नाही तर फायरवॉलच अडवतेय: आयपी फॉरवर्ड (पॅकेट पुढे सोडायची लिनक्सची सेटिंग) १ आहे का बघा, फॉरवर्ड चेनमधले (पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीतले) आकडे वाढतात का बघा. त्या मशीनवर कुणी डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) टाकलं असेल तर फॉरवर्डची पॉलिसी त्याने ड्रॉप केलेली असू शकते. इथ१ वरून निघालं आणि उत्तर आलंच नाही, तर दोष पलीकडे आहे.

पलीकडचा एक फसवा दोष म्हणजे विंडोजची स्वतःची फायरवॉल. प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये पिंगला परवानगी देणारा तिचा नियम बहुधा स्वतःच्या सबनेटपुरताच असतो. लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं. म्हणून केवळ पिंगवर विसंबू नका, टॅलीच्या पोर्टवरही जोडून बघा.

उपाय करताना बरेच जण १०.१ च्या राउटरवर स्टॅटिक राउट, म्हणजे हाताने लिहिलेला रस्ता, टाकतात: २०.० साठी १०.२ कडे जा. पिंग लागतो, सगळे खूश. पण मग पीसीचं पॅकेट राउटरमार्गे जातं आणि उत्तर फायरवॉलकडून थेट पीसीला येतं. राउटरला संभाषणाची एकच बाजू दिसते, आणि जोडण्यांची नोंद ठेवणारे राउटर अशी टीसीपी जोडणी कापतात. टॅली उघडता उघडता अडकतं ते यामुळे. त्यापेक्षा डीएचसीपीच्या (पीसींना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) १२१ नंबरच्या ऑप्शनने हा राउट थेट पीसींना द्या. सर्व्हरला हाताने द्या: १०.० साठी २०.२. विंडोजवर राउट अ‍ॅड करताना -पी विसरलात तर रीस्टार्टनंतर तो राहणार नाही.

मास्करेड, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी फायरवॉलचा पत्ता, लावूनही हे चालतं, कारण मग गोदामाला सगळं २०.२ वरून आल्यासारखं दिसतं. मला ते पटत नाही. उद्या सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणत्या पीसीने काय केलं हे शोधायला गेलात तर प्रत्येक ओळीत एकच पत्ता. अपवाद एका जागी केला. हिंगण्याच्याच एका गोदामात लेबल छापणारा प्रिंटर बर्डीतून छापेना. रात्री साडेदहापर्यंत मी फायरवॉलचे नियम चाळत होतो. शेवटी प्रिंटरच्या बटणांवरून मेनूत शिरलो, तर गेटवेच्या जागी चार शून्यं. आयपी, मास्क बरोबर, गेटवे कधी कुणी भरलाच नव्हता, आणि मेनूत बदल करायला पासवर्ड लागत होता जो तिथे कुणालाच माहीत नव्हता. तेव्हा त्या एका पत्त्यापुरतं मास्करेड लावलं आणि नियमाला कॉमेंट जोडून कारण लिहून ठेवलं.

शेवटचं काम: आयपी फॉरवर्ड सिसकंट्रोलच्या (लिनक्सच्या कायमच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये लिहा आणि आयपीटेबल्सचे नियम सेव्ह करा. मग दोन्ही ऑफिसं बंद असताना फायरवॉल एकदा मुद्दाम रीबूट करून पीसीवरून पुन्हा पिंग करा. उन्हाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर ती रीबूट होणारच आहे.