‘ओबी’ हे दोन वेगळे शब्द आहेत

जपानी किमोनोवर बांधायच्या पट्ट्याला ओबी म्हणतात आणि कॅरिबियन बेटांवरील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ‘काळ्या जादू’लाही ओबी म्हणतात, तर या दोहोंचा काही संबंध असेल का, असे आपण विचारले आहे. संबंध नाही. ‘खाली बस’ यातला बस प्राकृतातून, ‘आता बस’ यातला फारसीतून आणि रस्त्यावरची बस इंग्रजीतून मराठीत आली, तसाच हा केवळ उच्चाराचा योगायोग आहे.

जपानी ओबी हा त्या भाषेतला देशी शब्द असून ‘अंगावर धारण करणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. जूडोतील काळा पट्टा म्हणजे ‘कुरोओबी’, त्यातही हाच शब्द आहे. स्त्रियांचा औपचारिक ओबी सुमारे 30 सेंटीमीटर रुंद आणि 4 मीटरहून अधिक लांब असतो. क्योतोतील निशिजिन आणि फुकुओकातील हाकाता ही त्याच्या विणकामाची नावाजलेली ठिकाणे आहेत.

दुसऱ्या शब्दाचा आजचा रूढ उच्चार ‘ओबिया’ असा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखक तो ‘ओबी’ असाही लिहीत, आणि 1800 मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या एका मूकनाट्याच्या शीर्षकात तो तसाच आहे. आपल्याला दिसलेले नामसाम्य मुख्यतः या जुन्या लेखनामुळे निर्माण झाले आहे. शब्दाचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मात्र काही जण ते घानाकडील अकान भाषेत, तर काही जण नायजेरियाकडील इग्बो भाषेत शोधतात. इग्बोतील वैद्य-दैवज्ञाला ‘दिबिया’ म्हणतात, त्यामुळे मला दुसरे मत अधिक पटते.

‘काळी जादू’ या आपल्या शब्दाला मात्र माझा मनापासून आक्षेप आहे. गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांसाठी ओबिया म्हणजे झाडपाल्याचे औषध, संरक्षणाचा ताईत आणि न्याय मागण्याचा एक मार्ग होता; त्यात दुसऱ्याचे वाईट चिंतणारे विधीही होते, परंतु तेवढेच म्हणजे ओबिया नव्हे. जमैकात 1760 मध्ये टॅकी याच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, तेव्हा ओबिया जाणणाऱ्यांनी बंडखोरांना अंगाला लावण्यासाठी संरक्षक भुकटी दिली होती. मळेवाल्यांना या लोकांच्या शब्दाला असलेल्या वजनाची धास्ती वाटली आणि त्याच वर्षी ओबियाविरुद्ध कायदा झाला. पुढे ब्रिटिशांच्या इतर वसाहतींतही असे कायदे आले, आणि त्रिनिदादमध्ये तर मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांवरही, त्यांच्या स्वतःच्या मंत्र-उपचारांसाठी, ओबियाचेच खटले भरले गेले. तेथील कायद्यातून हा गुन्हा 2000 मध्ये वगळण्यात आला.