मॅडमना ‘थांबा’ कोण म्हणणार?

ताई,

मी दंतवैद्य आहे. गंगापूर रोडला माझा दोन चेअरचा दवाखाना आहे. दोन असिस्टंट मुली, रिसेप्शनला एक मावशी आणि संध्याकाळी एक ज्युनिअर डॉक्टर. मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत. स्टाफला मी घरच्यासारखं वागवते. वाढदिवसाला केक, दिवाळीला बोनस आणि साडी, पावसाळ्यात सहल. तरी दीड वर्षात तीन मुली सोडून गेल्या. संध्याकाळी पाच ते नऊ दोन्ही चेअर भरलेल्या असतात, दर अर्ध्या तासाला पेशंट. इन्स्ट्रुमेंटचे सहा सेट आहेत, ते निर्जंतुक करायचं मशीन, ऑटोक्लेव्ह, उत्तम आहे, म्हणजे साधनांची कमतरता नाही. गेल्या महिन्यात पावणेसातला पेशंट चेअरवर बसलेला, मी ट्रेवरचं इन्स्ट्रुमेंटचं पाउच फोडायला घेतलं तर त्यावरच्या खुणेचा रंगच बदललेला नव्हता. इन्स्ट्रुमेंट मशीनमध्ये गेलीच नव्हती. मी तिथल्या तिथे, पेशंटसमोर असिस्टंट मुलीला झापलं. ती रडली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तेव्हापासून बाकीचे गप्प असतात, काही विचारलं की ‘हो मॅडम’ एवढंच. मैत्रिणी म्हणतात, टीम बिल्डिंगचं वर्कशॉप घे. घेऊ का? माझं कुठे चुकतंय?

– एक डॉक्टर, नाशिक

डॉक्टर,

वर्कशॉप आत्ता नको. गप्प बसलेली माणसं हॉटेलच्या हॉलमध्ये नेऊन बसवली तर तिथेही गप्पच बसतील, आणि त्यांचा हक्काचा रविवार तेवढा जाईल.

ते पाउच पाहून तुमचं डोकं फिरलं, ते फिरायलाच हवं होतं. पेशंटच्या तोंडात काय जातंय याची ज्या डॉक्टरला चाड नाही, तिच्याकडे कुणीच जाऊ नये. तुम्ही नजर टाकलीत म्हणून एक माणूस वाचला. पण तुमचं पत्र वाचताना मी एका वेळेपाशी अडले. पावणेसात.

हिशेब मांडूया. पाचला दोन सेट गेले, साडेपाचला दोन, सहाला दोन. सहाही संपले. पाचच्या पेशंटचे सेट साडेपाचला मोकळे झाले. ते घासून, धुऊन, कोरडे करून पाउचमध्ये भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुढचं मी तुम्हाला सांगायला नको: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पाउचमधल्या इन्स्ट्रुमेंटना त्या तापमानावर साधारण अर्धा तास. मशीन तापायचा, दाब उतरायचा आणि पाउच वाळायचा वेळ वेगळा. सगळं धरून तास कुठेच गेला नाही. पहिली खेप हातात येईपर्यंत सात वाजत येतात. मग साडेसहाच्या दोन पेशंटना कोणते सेट लावायचे? तुमचं मशीन १३४ अंशांची सायकल करत असेल तर थोडा वेळ वाचेल, पण धुणं आणि वाळवणं तेवढंच राहतं. म्हणजे ज्या दिवशी दोन्ही चेअर भरलेल्या, त्या दिवशी साडेसहा ते सात तुमच्या दवाखान्यात सेट नसतो. तुम्हाला हे कधी कळलं नाही, कारण सेट नाही असं तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. रोज काहीतरी ‘जुळवलं’ जात होतं.

त्या मुलीपुढे दोनच रस्ते होते. बाहेर येऊन ‘मॅडम, वीस मिनिटं थांबावं लागेल’ म्हणायचं, नाहीतर पाउच तसंच ट्रेवर ठेवायचं. तिने दुसरा धरला आणि तो चुकीचाच होता, यात दुमत नाही. पण जंतू तिला दिसत नव्हते. तुमचा चढलेला आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता. तिने कमी भीतीचा रस्ता निवडला. याआधी एखादीने ‘थांबा’ म्हटलं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आज रात्री जरा आठवून बघा. ओरडलातच असं नाही. नुसता सुस्कारा टाकून घड्याळाकडे पाहिलं असेल, तरी नवी मुलगी त्यातून काय समजायचं ते समजते.

केक आणि साड्यांना मी नावं ठेवत नाही. त्या मनापासून दिल्यात हे पत्रातून कळतं. पण दवाखान्याचं वळण वाढदिवसाला पडत नाही. ते गर्दीच्या वेळी, काहीतरी बिघडलेलं असताना, मॅडम काय बोलतात त्यावरून पडतं.

तेव्हा यंदाच्या सहलीचे पैसे सेट घेण्यात घाला. सहाचे बारा करा. हँडपीसही (दात कोरायची हातातली यंत्रं) मोजा, तेही दर पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवेत आणि बहुतेक ठिकाणी खरी टंचाई तिथेच असते. ते होईपर्यंत साडेसहाची अपॉइंटमेंट देऊ नका. त्या वेळात सगळ्यांना चहा घेऊ द्या.

आणि एक नियम आजपासून लावा: इन्स्ट्रुमेंट तयार आहेत की नाहीत, यात शेवटचा शब्द असिस्टंटचा. ती ‘नाही’ म्हणाली की तुम्ही स्वतः बाहेर जायचं, मुलीला पाठवायचं नाही. पेशंटला तुमच्या तोंडून सांगायचं, ‘काका, तुमची इन्स्ट्रुमेंट अजून मशीनमध्ये आहेत, पंधरा मिनिटं बसावं लागेल.’ पेशंट चिडणार नाही. उलट घरी जाऊन चार जणांना सांगेल. आणि आत उभ्या असलेल्या मुलीला तुम्ही तिच्या बाजूने बोललेलं ऐकू येईल. असं महिनाभर झालं की ‘हो मॅडम’ आपोआप कमी होईल. मशीनशेजारी एक वही ठेवा: वेळ, तापमान, दाब, सही. पाउचवरची खूण फक्त वाफ लागल्याचं सांगते, जंतू मेल्याचं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट (मशीनमध्ये चिवट जंतू खरंच मरतात का, ही चाचणी) करा आणि तिचा निकाल मुलींनाही दाखवा. आपल्या हातून काय निघतंय हे त्यांना कळू द्या. ज्युनिअर डॉक्टरलाही हेच सगळं लागू. तो घाई करू लागला तर तुम्ही मुलीची बाजू घ्यायची.

आता एक अवघड गोष्ट. असं पाउच याआधी कधी वापरलं गेलं का, हे तुम्हाला विचारावं लागेल. सगळ्यांना एकत्र बसवून नाही, एकेकीला, दार लावून. ‘मागचं खरं सांगितलंत तर कुणाला बोलणार नाही, पगार कापणार नाही, काढणार नाही.’ मग काहीही ऐकायला मिळालं तरी शब्द पाळायचा, चेहऱ्यानेसुद्धा. ‘हो, झालंय’ असं उत्तर आलं तर संसर्गतज्ज्ञ डॉक्टरांना गाठा आणि त्यांच्या सल्ल्याने त्या पेशंटना सांगून तपासण्या करा. फार कठीण आहे, मला कल्पना आहे. पण दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

मला याहून जास्त काळजी सुईची आहे. जी मुलगी ‘सेट नाही’ म्हणायला घाबरते, ती ‘मला सुई टोचली’ हे तर मुळीच सांगणार नाही. बेसिनवर बोट धुऊन, रुमाल गुंडाळून पुन्हा सक्शनची नळी धरेल. तुमच्या दोन्ही मुलींचे हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का? पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ही लस आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आहे, म्हणजे तुमची. सोडून गेलेल्या तिघींना दिली होती का? सुई ज्याने वापरली त्यानेच ती पांढऱ्या डब्यात टाकायची, ट्रेवर सोडून मुलीला आवरायला लावायची नाही. आणि भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा: सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका, लगेच मॅडमना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. म्हणून हातातलं काम सोडून मुलीला सिव्हिलला घेऊन जायचं. चेअरवर आरसीटी (रूट कॅनाल) अर्धी उघडी असली तर तात्पुरतं फिलिंग करून पेशंटला उद्या बोलवा.

मावशींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, त्यात त्या पहिल्या दिवसापासून आहेत एवढंच. अशा जुन्या माणसाचा दवाखान्याला मोठा आधार असतो. कुणाच्या सुनेची कवळी, कुणाच्या नातवाची तार, सगळं त्यांच्या तोंडावर. पण तीन मुली गेल्या आणि मावशी राहिल्या, तर त्या मुलींशी कशा बोलतात हे एकदा बघायला हवं. साडेसहाला दोन पेशंट बसवतं कोण? ‘आमच्या वेळी आम्ही असं कधी थांबवलं नाही हो मॅडमना’, असं नव्या मुलीला कोण सांगतं? मी आरोप करत नाही, मला ठाऊक नाही. पण तुम्हालाही ठाऊक नाही, कारण तुम्ही आत असता. मावशींशी आधी एकट्याने बोला, मानाने बोला. अपॉइंटमेंटचं नवं वेळापत्रक त्यांच्याच हाताने बनवून घ्या. मुलींना शिकवायचं काम त्यांना द्या, ओरडायचा अधिकार मात्र काढून घ्या. तरीही मुलींचा छळ चालू राहिला तर जुनेपणाकडे पाहून गप्प बसू नका. तुम्ही तिथे डोळेझाक केलीत, की बाकी सगळे नियम कागदावरच राहतील.

राहिल्या वेळा आणि पैसे. दुपारी दवाखाना बंद असताना आडगाव किंवा मखमलाबादहून येणारी मुलगी घरी जाऊन परत येऊ शकत नाही. ती डबा कुठे खाते? ऑटोक्लेव्हच्या खोलीत स्टुलावर बसून खात असेल तर एक कोपरा, एक पंखा, आडवं पडायला जागा करून द्या. नऊचा पेशंट सव्वानवाला घेताना तिला विचारता का? तिची सिटीलिंक बस चुकली तर निमाणी स्टँडवरून पुढे ती कशी जाते? घरच्यासारखं वागवतो म्हणून माणसाला न विचारता थांबवून घेणं, हे आपल्याकडे फार चालतं. जास्तीच्या तासाचे पैसे त्याच महिन्याच्या पगारात द्या आणि पगाराची तारीख चुकवू नका. तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापत असाल तर तेही बंद करा. द्वारका चौकातली कोंडी आणि सिंहस्थासाठी खोदलेले रस्ते तुम्हालाही दिसतातच. आणि कॅलेंडर बघून धुळवडीची सुट्टी देत असाल, तर ती रंगपंचमीला द्या. रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात त्या दिवशी जुन्या नाशकातली पोर तुमच्याकडे सक्शन धरून उभी असेल, तर तुमची दिवाळीची साडी तिला कितीशी आठवणार?

शेवटी ती मुलगी. तिला तुम्ही स्वतः फोन करा, मावशींकडून नको. परत ये म्हणायला नाही. ‘तू केलंस ते चूक होतं, पण मी तुला पेशंटसमोर बोलले तेही चूक होतं, आणि सेट कमी होते ही माझी चूक होती.’ एवढंच बोला, लांबवू नका. तिचा राहिलेला पगार द्या, अनुभवाचं पत्र द्या आणि लसीचे डोस अर्धवट राहिले असतील तर उरलेले तुमच्या खर्चाने पूर्ण करून द्या. हे तुम्ही केलंत हे उरलेल्या मुलींना तुम्ही सांगू नका, त्यांना तिच्याकडूनच कळेल. आणि नवी मुलगी ठेवाल तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला दोन गोष्टी शिकवा: मशीनशेजारची वही कशी भरायची, आणि तुम्हाला ‘थांबा’ कसं म्हणायचं. दुसरी तिच्याकडून पेशंट नसताना दोन-चारदा मोठ्याने म्हणवून घ्या.

– ताई